पत्ता पूर्ण लिहा

पत्त्याचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको. सांगली जिल्ह्यातही एक खानापूर आहे. म्हणून पाकिटावर आपण नुसते ‘खानापूर’ न लिहिता ‘जि. बेळगाव, ५९१३०२’ असेही लिहितो.

संगणक कक्षात आम्हाला हाच धडा पुन्हा मिळाला. पासवर्डऐवजी पासकीने प्रवेश देणारी एक छोटी प्रणाली आम्ही चाचणीसाठी बसवली होती. (या पद्धतीचे ‘वेबऑथन’ हे प्रमाण मार्च २०१९ मध्ये मान्य झाले.) पासकीत गुप्त किल्ली संकेतस्थळाला दिली जात नाही. संकेतस्थळ दरवेळी नवा आकडा पाठवते. ब्राउझर त्याला ‘ओरिजिन’, म्हणजे आपण उघडलेल्या स्थळाचा पत्ता, जोडतो आणि मोबाईल या दोहोंवर डिजिटल सही करतो. बोटाचा ठसा मोबाईलबाहेर जात नाही.

बँकेसारखे दिसणारे बनावट पान उघडले तर आपले डोळे फसतात, ओटीपीही आपण देऊन बसतो. ब्राउझर पानाचे रूप बघत नाही, पत्ता बघतो. खोट्या पत्त्यावर खरी किल्ली तो वापरूच देत नाही. गावात ज्यांचे पैसे असे गेले, त्यांना याचे मोल कळेल.

ओरिजिनमध्ये स्कीम, नाव आणि पोर्ट येतात. पोर्ट लिहिला नाही तरी चालते, कारण तो ठरलेला आहे: एचटीटीपीला ८०, एचटीटीपीएसला ४४३. स्कीमचे तसे नाही. आम्ही सेटिंगमध्ये फक्त नाव लिहिले. प्रणालीने एचटीटीपीएस गृहीत धरले. चाचणी मात्र त्याच संगणकावर, ‘लोकलहोस्ट’वर, साध्या एचटीटीपीने चालली होती. किल्ली बरोबर, सही बरोबर, तरी ‘ओरिजिन जुळत नाही’! दोन तास गेले.

‘मग एचटीटीपीच गृहीत का धरू नये?’ असे एका विद्यार्थिनीने विचारले. प्रश्न चांगला होता. एचटीटीपीवर मजकूर उघडा जातो, वाटेत कोणीही तो बदलू शकतो. म्हणून लोकलहोस्टची सवलत सोडली तर ब्राउझर तेथे पासकी चालू देत नाहीत. अंदाज करायचाच तर तो सुरक्षित बाजूने करावा, आणि अपवाद स्कीमसह पूर्ण लिहावा. एकाने ही तपासणीच बंद करायला सुचवले. कुलूप अडते म्हणून दार काढून ठेवण्याचा तो प्रकार झाला!

विश्वस्तांना एक विनंती. शाळेच्या संकेतस्थळाला ही पद्धत लावायची ठरल्यास आधी त्याचे नाव कायमचे ठरवावे. पासकी नावाशी बांधलेली असते. पुढे नाव बदलले तर साधारणपणे सर्वांनाच नव्या किल्ल्या कराव्या लागतील.