आमची येष्टी

बुलढाणा हे जिल्ह्याचे गाव. पण या गावाला आगगाडी नाही! मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी घाटाखालची स्टेशने घेत निघून जाते. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत एक फाटा ओढला गेला, तोही खामगावच्या कापसासाठी. माणसांची सोय ओघाने झाली. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या घाटावरच्या मुलखात रूळ आलेच नाहीत. मलकापूरला उतरावे, मोताळ्यावरून राजूरचा घाट चढावा, तेव्हा कुठे बुलढाणा. आणि हा घाट गरिबाला चढवते कोण? एस.टी.! आमच्याकडच्या आजीबाईंच्या भाषेत, येष्टी.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एस.टी. सुटली, तेव्हा आमचा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि पुढल्या वर्षी आजचे महामंडळ स्थापन झाले. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे त्याचे ब्रीद.

शहरातल्या वाचकांना 'मुक्कामी गाडी' ठाऊक नसेल. ही गाडी रात्री आडगावी येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच पाठ टेकतात, आणि पहाटे ती तालुक्याकडे निघते. तिच्यामुळे पोरांना वेळेवर कॉलेज गाठता येते, दुखणाइताला दवाखाना मिळतो. मी शिकायला तालुक्याला खोली करून राहिलो, तेव्हा आईचा डबा रोज येष्टीनेच येई. कुणाची भाकरी कुणाच्या हाती पडली असे फारसे कधी घडले नाही. घडलेच तर ज्याला पिठले मिळे तो तक्रार करीत नसे!

आता दारोदार फटफटी आली. समृद्धी महामार्ग मेहकर-सिंदखेडराजाच्या बाजूने जातो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा खुला झाला. ज्याच्याकडे मोटार आहे त्याची चंगळ झाली. पण महामार्ग काही फाट्यावर उभ्या असलेल्या म्हातारीला हात दाखवल्यावर थांबत नाही. ज्यांना परवडते ते येष्टी सोडतात. उतारू घटले म्हणून फेऱ्या घटतात. फेऱ्या घटल्या म्हणून उरलेलेही कर्ज काढून फटफटी घेतात. शेवटी फाट्यावर उरतात त्या शाळकरी मुली, म्हातारी माणसे आणि दुखणाईत.

हे दुष्टचक्र फक्त आमचेच नव्हे. अमेरिकेतल्या लॉस अँजेलिसने मोटारीच्या नादात आपली विजेवरची ट्राम मोडीत काढली. १९६३ साली शेवटची ट्राम धावली. पुढे रस्ते तुंबले, आणि १९९० साली त्याच शहराला पुन्हा नवे रूळ टाकून लोकगाडी सुरू करावी लागली. त्या शहराची तिजोरी मोठी. मोडलेले पुन्हा उभारता आले. आपल्याला ते परवडेल काय?

२०२१ च्या दिवाळीत संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. तुटपुंज्या पगाराची कर्मचाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. पण येष्टी नसली म्हणजे काय होते, हे त्या महिन्यांत खेड्यांनी अनुभवले.

त्यानंतर ७५ वर्षांवरील वृद्धांना प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट लागू झाले. उत्तम झाले! मात्र अर्धे तिकीट काढायला आधी गाडी यावी लागते. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की फेरीचा हिशेब नुसत्या तिकिटाच्या गल्ल्यावर करू नये. मुक्कामी गाडी बंद झाली की पहिल्यांदा कुणा मुलीची शाळा सुटते, आणि तो तोटा कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.

यंदा दिवाळीला गावी जाल तेव्हा मोटार घरी ठेवा, मंडळी. खिडकीजवळची जागा धरा, शेजारच्या आजीला फराळाचे विचारा. एक उतारू वाढला, तरी एका फेरीला तेवढाच आधार.