नळीतून आभाळ बघा

भाताची लोंबी भरली की लांजा, राजापूर, संगमेश्वरच्या मळ्यांत रानडुकरं उतरतात आणि माजघरातली बंदूक बाहेर निघते. बहुधा ती आजोबांपासून चालत आलेली, ठासणीची नाहीतर बारा बोरची एकनळी. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. परवान्याची तारीख आपल्याकडे चुकत नाही. नळी मात्र कोणी बघत नाही. बार उडाला की सगळा दाब तीच सोसते, आणि बंदूक धरलेला हात तिलाच टेकलेला असतो.

आधी बंदूक रिकामी आहे ना, ते पाहा. काडतुसाची उघडून कळतं. ठासणीची उघडत नाही आणि आत गेल्या साली भरलेला बार तसाच असू शकतो. केप काढून, तोंड लांब धरून गज तळापर्यंत सोडा, नळीच्या तोंडाशी खूण करा आणि तोच गज बाहेरून नळीला लावा. रिकाम्या नळीत गज जवळजवळ केपेच्या जागेपर्यंत जातो. चार बोटं अलीकडेच अडला, तर बंदूक भरलेली समजा. उकरू नका, परवानाधारक कारागिराला बोलवा.

काडतुसाच्या बंदुकीची नळी सुटी करून कोरड्या फडक्याने पुसा आणि आभाळाकडे धरा. निरोगी नळीत उजेडाची वर्तुळं एकात एक, अखंड दिसतात. करडे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. आपल्या खाऱ्या, दमट हवेत ते लवकर पडतात, त्यातून काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढून घेते. म्हणून बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, सुकवून तेल द्यायचं. तोंडाकडच्या उथळ खड्ड्यांपेक्षा काडतुसाच्या जागेजवळचा एक खोल खड्डा अधिक वाईट, कारण दाब तिथे सर्वांत जास्त असतो.

मध्येच काळं कडं दिसलं, तर नळी तिथे फुगली आहे. बाहेरून बोट फिरवलं की उंचवटा लागतो. कधीतरी आत माती, चिंधी किंवा कुंभारीण माशीचं घर असताना बार काढलेला असतो. पावसाळाभर टांगलेल्या बंदुकीत कुंभारीण घर करतेच. वीस बोरचं काडतूस बारा बोरच्या नळीत घसरून पुढे अडकतं, ही आणखी एक जीवघेणी चूक. म्हणूनच पुष्कळ कंपन्या ते पिवळ्या रंगात काढतात.

जुन्या विलायती नळीवर पुष्कळदा बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचा शिक्का असतो. ते घर १८१३ सालचं. नेहमीपेक्षा जड बार उडवून नळी टिकली की शिक्का मारत. पण तो त्या दिवसापुरता. पुढच्या गंजाची हमी त्यात नाही. काळ्या दारूपुरती तपासलेली नळी असेल, तर तिच्यात आजचं बिनधुराचं काडतूस घालूच नका.

तडा, फुगवटा किंवा खोल खड्डा दिसला की ती बंदूक त्या दिवसापासून बंद ठेवा. गावात वेल्डिंग करून घेऊ नका. बंदूक दुरुस्त करणाऱ्यालाही कायद्याच्या कलम ५ खाली परवाना लागतो.