दिवड मारू नका, मुलांना ओळखायला शिकवा

पावसाळा नुकताच लागला होता. वस्तीतली चार-पाच मुले काठीवर मेलेला साप लोंबकळवत विहारासमोर आली. "सर, नाग मारला!" असे मोठ्या आनंदाने सांगू लागली. जवळ जाऊन पाहिले तर तो नाग नव्हताच. तळ्यातला बिनविषारी दिवड होता. काही भागांत त्याला विरोळा म्हणतात. दोष मुलांचा नव्हता. आपणच त्यांना शिकवले नव्हते. म्हणून त्या रविवारी विहारातल्या वर्गात दिवडाचाच धडा घेतला.

प्रथम ओळख. फळ्यावर चित्र काढले. पिवळसर किंवा हिरवट अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके आणि डोळ्यापासून निघणाऱ्या दोन तिरक्या काळ्या रेघा. तळे, ओढा, विहीर, भातखाचर ही त्याची घरे. मासे आणि बेडूक हे त्याचे अन्न. त्याला कुणी डिवचले की तो मान चपटी करून डोके उचलतो. पाहणाऱ्याला तो फणा वाटतो आणि बिचारा नाग समजून मारला जातो. तो रागीट आहे, कडकडून चावतो, रक्तही निघते. पण त्याच्या चावण्याने माणूस दगावत नाही.

एका मुलीने विचारले, "सर, बेडूक मच्छर खातो आणि साप बेडूक खातो. मग साप मेला तर आपला फायदाच ना?" प्रश्न अगदी रास्त होता. दिवड बेडूक खातो, तसा दिवडही बगळा, घार, मुंगूस यांचे अन्न आहे. बेडूक वाजवीपेक्षा वाढले तर त्यांनाच अन्न पुरणार नाही. तळ्यात कुणीच फालतू नाही. तळ्यात कारखान्याचे किंवा गटाराचे घाण पाणी आले की मासे, बेडूक मरतात, मग दिवडही दिसेनासा होतो. टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यात अडकून तो गुदमरून मरतो. म्हणजे दिवड तळ्याची तब्येत सांगतो.

मात्र मुलांना एक गोष्ट बजावून सांगा. बिनविषारी असला तरी कोणताही साप हातात धरायचा नाही, लांबूनच पाहायचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप जिवावर बेतणारे आहेत आणि घाईत ओळख चुकते. कुणालाही साप चावला तर भगताकडे, मांत्रिकाकडे जाऊ नका. जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. चावलेला हात-पाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना गाठा. या चार सापांच्या विषावरचे इंजेक्शन आहे, मंत्र नाही.

नागपंचमीला सापाला दूध पाजायचे आणि दुसऱ्या दिवशी दिसला की ठेचायचा, ही दोन्ही अज्ञानाचीच रूपे. साप दूध पिणारा प्राणीच नाही. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एका भिक्खूचा सर्पदंशाने मृत्यू झाला, तेव्हा भगवंतांनी सापांचा सूड घ्यायला सांगितले नाही. सर्पकुळांविषयी मैत्री बाळगायला सांगितले. पंचशीलातले पहिले शीलही हेच सांगते. देशाचा कायदाही तेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दिवडाला संरक्षण दिले आहे.

पाण्याचे मोल आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणुसकीच्या हक्कासाठी. ज्या पाण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी मार खाल्ला, ते पाणी स्वच्छ आणि जिवंत राखणे हे त्यांच्या नातवंडांचे काम आहे.

माता-भगिनींनो, शिक्षक बंधूंनो, पावसाळ्यात एकदा तरी मोठ्या माणसाच्या सोबतीने मुलांना तळ्याकाठी न्या. काय काय दिसले ते वहीत लिहायला लावा. काठावर पडलेली तुटकी जाळी गोळा करून आणा. आमच्या वर्गातल्या त्याच मुलांना पुढच्या महिन्यात ओढ्यात दिवड दिसला. त्यांनी काठी उचलली नाही. दहा पावले मागे सरून, तो पलीकडच्या गवतात जाईपर्यंत ती पाहत उभी राहिली. एवढे शिकले तरी पुष्कळ झाले.