बालरोगचिकित्सा व बालकाचे मानसिक आरोग्य

बालकाच्या शारीरिक तपासणीबरोबर त्याचे वर्तन, भावना, विकास व कौटुंबिक संबंध यांचीही दखल घेऊन बालरोगतज्ज्ञाने आपल्या चिकित्सालयातच दिलेले प्राथमिक मानसिक साहाय्य. समस्या वेळीच ओळखणे, पालकांना मार्गदर्शन करणे, सौम्य तक्रारींवर स्वतः उपाय योजणे आणि गंभीर प्रकरणी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवून त्यानंतरही संपर्क राखणे, एवढ्या गोष्टी त्यात येतात. मुलाला मनोविकारतज्ज्ञाकडे नेण्यास अनेक कुटुंबे कचरतात; ताप-खोकल्यासाठी वा लस टोचून घेण्यासाठी मात्र ती जन्मापासून बालरोगतज्ज्ञाकडे येत असतात. मूल व त्याची आई यांना एकत्र, वारंवार व वर्षानुवर्षे पाहणारा दुसरा वैद्य सहसा नसतो.

या विचाराचा पाया विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घातला गेला. त्यापूर्वी अमेरिकेत निघालेली बालमार्गदर्शन केंद्रे मुख्यतः न्यायालये व शाळा यांच्याशी निगडित होती (⟶ बालमार्गदर्शन). लीओ कॅनर यांनी 1930 मध्ये बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या बालरोग विभागातच बालमनोविकार चिकित्सालय सुरू केले. इंग्लंडमध्ये डी. डब्ल्यू. विनिकॉट हे बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक 1923 पासून सुमारे चाळीस वर्षे लंडनमधील पॅडिंग्टन ग्रीन बालरुग्णालयात काम करीत होते. त्यांच्या निरीक्षणाची एक पद्धत प्रसिद्ध आहे. आईच्या मांडीवर बसलेल्या पाच ते तेरा महिन्यांच्या बालकासमोर, टेबलाच्या कडेला, जीभ दाबण्याची एक चकचकीत धातूची पट्टी ठेवलेली असे. निरोगी बालक प्रथम हात पुढे करते, थबकते, मोठ्यांच्या चेहऱ्याकडे पाहते. मग धीर करून पट्टी उचलते, तोंडात घालते, खेळते व अखेर ती टाकून देते. हा क्रम कोठे अडतो, यावरून बालकाच्या मनःस्थितीचा अंदाज येतो, असे विनिकॉट यांनी 1941 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडले. नेहमीच्या तपासणीतील नेहमीच्याच वस्तूचा हा उपयोग आजही अनुकरणीय वाटतो. पुढे प्रतिजैविके व लसी यांमुळे संसर्गजन्य रोग मागे पडले, तेव्हा वर्तन, शिक्षण व कुटुंब यांतून उद्भवणाऱ्या समस्यांना रॉबर्ट हॅगर्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये ‘नवी रुग्णता’ असे नाव दिले.

मूल आपले मनोदुःख शब्दांत क्वचितच सांगते. ते बहुधा शरीराच्या तक्रारीच्या रूपाने वैद्यापुढे येते. वारंवार होणारी पोटदुखी हे याचे उत्तम उदाहरण होय. जॉन ॲप्ली व त्यांच्या सहकारी नोरा नेश यांनी इंग्लंडमधील 1,000 शाळकरी मुलांची पाहणी करून 1958 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निदान तीन महिन्यांत तीनदा तरी नित्यक्रम बंद पडावा इतकी पोटदुखी सुमारे दहा मुलांमागे एकात आढळली आणि त्यांपैकी फारच थोड्यांत शारीरिक विकृती सापडली. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितका शारीरिक कारणाचा संभव अधिक, हा ॲप्ली यांचा ठोकताळा विद्यार्थ्यांना अजूनही शिकविला जातो. मात्र अशा मुलाचे दुखणे खोटे नसते, हे पालकांना समजावणे आवश्यक असते. ‘काही झालेले नाही, नाटक करतो’ या उद्गाराने मूल एकाकी पडते व दुखणे वाढते. शाळेच्या दिवशी सकाळी उठणारी व सुटीत नाहीशी होणारी कळ दिसली, तर शाळेत काय घडते याची चौकशी मुलाशी स्वतंत्रपणे बोलून करावी लागते.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. हट्टी, आळशी किंवा वाह्यात ठरविलेल्या मुलाच्या वर्तनामागे शारीरिक कारण असू शकते. लक्ष न देणारे मूल कदाचित कमी ऐकत असते. कपड्यात शौच करणाऱ्या मुलास पुष्कळदा जुनाट बद्धकोष्ठ असतो व त्याला त्याची जाणीवही नसते. त्याला शिक्षा करणे हा अन्यायच होय. रडतारडता श्वास कोंडून निळ्या पडणाऱ्या लहान मुलांपैकी अनेकांत लोहाची कमतरता आढळते आणि ती भरून काढल्यावर झटके कमी होतात. शय्यामूत्राची तक्रार पाचव्या वर्षापर्यंत विकार मानली जात नाही. शरीर व मन या दोहोंची तपासणी एकाच हाताने होण्याचा लाभ अशा वेळी दिसून येतो.

केवळ अनुभवी नजरेवर विसंबल्यास पुष्कळ मुले निसटतात, म्हणून प्रश्नावल्यांचा उपयोग करतात. मायकेल जेलिनेक व सहकाऱ्यांनी तयार केलेल्या सूचीत 35 विधाने असून पालक प्रत्येकास ‘कधीच नाही’, ‘कधीकधी’ वा ‘वारंवार’ असे उत्तर देतात. सहा ते सोळा वर्षांच्या मुलाचे गुण 28 किंवा अधिक भरल्यास पुढील चौकशी करतात. स्वमग्नतेसाठी 16 ते 30 महिने वयाकरिता 20 प्रश्नांची सूची वापरली जाते. भारतातील लसीकरणात 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान एक फेरी असतेच. मूल नावाने हाक मारल्यावर वळते का, बोट दाखवून वस्तू दाखविते का, हे विचारण्यास ती सोयीची असते. प्रसूतीनंतर आईला येणाऱ्या अवसादासाठी 1987 मध्ये एडिंबरो येथे तयार झालेली दहा प्रश्नांची सूची आहे. दीड महिन्याच्या लसीसाठी बाळ घेऊन आलेल्या आईची प्रकृती कोणी विचारीत नाही, असा सर्वत्र अनुभव आहे. या सूच्या निदान करीत नाहीत. त्या केवळ चाळणीचे काम करतात. कागदावरील गुणांवरून मुलावर विकाराचा शिक्का मारणे व लगेच औषध सुरू करणे अयोग्य होय. अतिचंचलतेच्या बाबतीत सहा वर्षांखालील मुलांसाठी औषधाआधी पालकांचे वर्तनविषयक प्रशिक्षण योजावे, अशी अमेरिकन बालरोग अकादमीची शिफारस आहे.

बालमनोविकारतज्ज्ञांची टंचाई ही सर्व देशांतील अडचण आहे. मॅसॅचूसेट्स राज्यात 2004 पासून एक उपयुक्त व्यवस्था चालू आहे. बालरोगतज्ज्ञ अडलेल्या प्रकरणी दूरध्वनी करतो व बालमनोविकारतज्ज्ञ बहुधा अर्ध्या तासात त्याला सल्ला देतो. उपचार नेहमीच्याच वैद्याकडे चालू राहतो. अमेरिकेतील इतर राज्यांनीही हा नमुना उचलला. काही चिकित्सालयांत मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता शेजारच्याच खोलीत बसतो. दुसऱ्या ठिकाणी दिलेल्या चिठ्ठीपेक्षा हा मार्ग अधिक फलदायी ठरतो, कारण चिठ्ठी घेऊन गेलेली पुष्कळ कुटुंबे तेथे पोहोचतच नाहीत. तथापि टंचाई संपलेली नाही; 2021 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन बालरोग अकादमीने इतर दोन संस्थांसह बालकांच्या मानसिक आरोग्याबाबत राष्ट्रीय आणीबाणीची घोषणा केली.

भारतात 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वर्षे वयोगटातील 7.3 टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ 2013 मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. त्यात फिरती पथके अंगणवाड्या व शाळा यांतील मुले तपासतात आणि विकासातील विलंब आढळल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. मुंबईत शीव येथील महापालिका रुग्णालयाच्या बालरोग विभागात अध्ययन-अक्षमतेची तपासणी होते, तर गोव्यात 1996 मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने तज्ज्ञ नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन मानसिक आरोग्यसेवा पुरविण्याचे प्रयोग केले आहेत.

खाजगी चिकित्सालयात वेळेचा प्रश्न बिकट असतो. बाहेर वीस मुले खोळंबली असता एका मुलाच्या भीतीची कहाणी ऐकणे वैद्याला परवडत नाही. म्हणून अशा मुलास दुपारची वेगळी वेळ देण्याची पद्धत काही वैद्य पाळतात. गोपनीयतेचा प्रश्न किशोरवयात उद्भवतो. पालकांना बाहेर बसवून मुलाशी बोलण्यापूर्वी, त्याच्या जिवाला धोका असल्यास गुप्तता राखली जाणार नाही, हे दोघांनाही सांगून ठेवावे लागते. 2012 च्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियमानुसार तर अशा अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे वैद्यासही बंधनकारक आहे. त्यामुळे कोणतीही गोष्ट कोणालाच सांगणार नाही, असे वचन मुलाला देणे वैद्याला शक्य नसते.