छावणीत वाढलेले राज्य

भिवंडीजवळच्या दापोडे गावात आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत आणि मालमोटारींची वर्दळ अहोरात्र चालू असते; परंतु येथून जवळच असलेल्या अंजूरच्या गंगाजी नाईकांनी उत्तर कोकणातील पोर्तुगीज अंमलाविरुद्ध पेशव्यांकडे जी फिर्याद नेटाने लावून धरली, आणि जिची परिणती १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा कोट सर करण्यात झाली, ती याच मुलखातील गोष्ट होय. ज्या राजसत्तेचे ठाणे येथून अठराव्या शतकात उठले, तिचाच अंमल पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील गिनी-बिसाव या लहानशा देशावर १९७४ पर्यंत टिकून होता, हे ध्यानी घेतले म्हणजे तेथील वारंवारच्या लष्करी उठावांची वार्ता आपल्याला सर्वस्वी परकी वाटत नाही.

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी तेथे अध्यक्षपदाची निवडणूक झाली. अधिकारारूढ अध्यक्ष उमारो सिसोको एम्बालो आणि त्यांचे प्रतिस्पर्धी फर्नांडो डियास या दोघांनीही विजयाचा दावा केला, आणि निकाल जाहीर व्हायचा त्याच्या आदल्याच दिवशी, २६ तारखेला, लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता हाती घेतल्याचे घोषित केले. दुसऱ्या दिवशी एका जनरलने वर्षभराच्या संक्रमणकाळासाठी राष्ट्रप्रमुखपदाची शपथही घेतली. मतमोजणीचे कागद सशस्त्र इसमांनी नेल्यामुळे निकाल देणे अशक्य आहे, असे निवडणूक आयोगाने मागाहून कळवले. निरीक्षक म्हणून बिसाव शहरात हजर असलेले नायजेरियाचे माजी अध्यक्ष गुडलक जोनाथन यांनी तर या प्रकाराला खरे बंड मानण्यासच नकार दिला. कोणाचे कोणाशी संगनमत होते याचा निवाडा काहीही होवो; रयतेने दिलेला कौल दप्तरी दाखल होण्यापूर्वीच नाहीसा झाला, ही यातील सर्वांत दुःखद बाब मला वाटते.

या अस्थैर्याचे मूळ शोधू गेल्यास त्या देशाच्या जन्मकथेपर्यंत मागे जावे लागते. अमिल्कार काब्राल हा व्यवसायाने कृषितज्ज्ञ, वृत्तीने विचारवंत. त्याने १९५६ साली स्वातंत्र्यवादी पक्ष स्थापन केला. १९५९ च्या ऑगस्टमध्ये बिसाव बंदरातील संपकरी गोदी कामगारांवर गोळीबार होऊन अनेक जण मारले गेले, तेव्हा सनदशीर मार्ग खुंटला असे मानून पक्षाने शस्त्र धरले, आणि १९६३ च्या जानेवारीत युद्धाला तोंड फुटले. पोर्तुगीज वसाहतींतील चळवळींचे जे संयुक्त संघटन १९६१ साली कासाब्लांका येथे उभे राहिले, त्यात काब्रालच्या सहकाऱ्यांमध्ये आकिनो द ब्रागांझा हा गोमंतकीयही होता. काब्रालला मात्र स्वातंत्र्य पाहणे लाभले नाही. २० जानेवारी १९७३ रोजी स्वपक्षातील फितुरांनीच त्याचा खून केला.

गोव्यातही आझाद गोमंतक दलाने शस्त्र उचलले होते, आणि त्यातील मोहन रानडे यांना गोवा मुक्त झाल्यानंतरही १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात खितपत पडावे लागले. तथापि मुक्त गोव्याला घटना, न्यायालये आणि मुलकी कारभार यांची सिद्ध चौकट लाभली. ज्या १९६३ साली गिनी-बिसावमध्ये बंदुका कडाडू लागल्या, त्याच वर्षाच्या अखेरीस गोव्यात पहिली निवडणूक होऊन दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. आणि महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही, या प्रश्नावर घरोघरी मने दुभंगली असतानाही १९६७ च्या जानेवारीत जनमत कौल घेण्यात आला आणि विलीनीकरणाच्या कट्टर पुरस्कर्त्यांनीही तो शिरोधार्य मानला. आपल्याला आज हे सहज वाटते. ते सहज नव्हते.

गिनी-बिसावमध्ये क्रम उलटा घडला. तेथे राज्याआधी फौज जन्मली. परकीयांनी मागे ना पुरेशा शाळा ठेवल्या, ना प्रशिक्षित कारकून, त्यामुळे लढवय्यांची छावणी हीच देशातील एकमेव सुसंघटित संस्था उरली, आणि स्वातंत्र्य आम्हीच मिळवले, तेव्हा त्याचे राखणदारही आम्हीच, ही भावना तिच्यात इतकी रुजली की १९८० साली नीनो व्हिएरा या सेनानीने काब्रालच्याच सावत्र भावाला अध्यक्षपदावरून दूर केले. पुढे १९९८ मध्ये याच व्हिएराने सेनाप्रमुखाला बडतर्फ करताच यादवी युद्ध पेटले. २००३ मध्ये आणखी एक अध्यक्ष पदच्युत झाला. २००९ च्या मार्चमध्ये एके दिवशी सेनाप्रमुख बाँबस्फोटात ठार झाला, तर दुसऱ्या दिवशी, पुन्हा निवडून आलेला व्हिएरा सैनिकांच्या हातून मारला गेला. आणि २०१२ मध्ये निवडणुकीच्या दोन फेऱ्यांच्या मध्येच लष्कराने सत्ता बळकावली. काब्रालच्याच पक्षाने मुक्त केलेली केप व्हर्डे बेटे मात्र शांततेने नांदत आहेत. त्या बेटांच्या भूमीवर युद्ध झाले नव्हते, आणि म्हणून मागे विजयी फौजही उरली नव्हती. मला हा पुरावा निर्णायक वाटतो.

दक्षिण अमेरिकेतून युरोपकडे जाणाऱ्या कोकेनच्या चोरट्या व्यापाराने या दुखण्यात भर घातली, हे खरे. बेटांनी वेढलेला किनारा आणि रिकामा खजिना या दोहोंचा तस्करांनी पुरता फायदा घेतला. परंतु देश जगतो तो काजूवर. हे झाड पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून गोव्याला आणि आफ्रिकेलाही नेले. गिनी-बिसावच्या निर्यात उत्पन्नाचा फार मोठा हिस्सा एकट्या काजूचा, आणि त्यातील बहुतेक बी कच्चीच, टरफलासकट, भारत व व्हिएतनामकडे रवाना होते. तेथील शेतकरी अनेकदा बीच्या मोबदल्यात परदेशी तांदूळ घेतो, आणि भाव पडला की तेवढ्याच बीला तांदूळ कमी मिळतो. २०१२ चा उठाव तर ऐन हंगामात, एप्रिलमध्ये झाला.

आफ्रिकेच्या बीमुळे आपला भाव कोसळतो, अशी तक्रार कोकणातला बागायतदार करतो आणि ती रास्तच आहे. तिची दाद मागण्यासाठी त्याला निदान आमदार आणि विधिमंडळ तरी आहे. बिसावच्या शेतकऱ्याचे विधिमंडळ एम्बालोंनी डिसेंबर २०२३ मध्येच बरखास्त केले, आणि नवे निवडण्यासाठी त्याने २०२५ च्या नोव्हेंबरात अध्यक्षपदाबरोबरच जे मत टाकले, तेही त्याच गोंधळात गडप झाले.