विश्लेषण : घरातील बंदूक कुलपात ठेवावी, की उशाशी?

स्वसंरक्षणासाठी घेतलेले शस्त्र वेळेवर हाती लागले नाही तर त्याचा उपयोग काय, असा ते बाळगणाऱ्यांचा सवाल असतो. पण तेच शस्त्र घरातल्या लहानग्याच्या किंवा निराश झालेल्या माणसाच्या हाती लागले तर? दोन्ही प्रश्नांना एकाच वेळी उत्तर देणाऱ्या पेट्या, कुलपे आणि त्यामागचे कायदे यांविषयी…

चर्चेचे कारण काय?

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधील गोळी लागली. बाहेरगावी निघण्यापूर्वी कपाटात ठेवताना रिव्हॉल्व्हर हातून निसटले आणि गोळी सुटली, असे सांगण्यात आले. ते बचावले. पण घरात शस्त्र कसे ठेवावे, हा एरवी आपल्याकडे न विचारला जाणारा प्रश्न त्यानिमित्ताने पुढे आला.

अमेरिकेत हा प्रश्न घरोघरचा आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीनुसार तेथील ३२ टक्के प्रौढांकडे स्वतःची बंदूक आहे आणि त्यांपैकी ७२ टक्के लोक स्वसंरक्षण हे त्यामागचे प्रमुख कारण सांगतात. साहजिकच अनेकांची बंदूक भरलेली आणि पलंगालगतच्या खणात असते. भरलेली आणि कुलूप नसलेली बंदूक असलेल्या घरांत अमेरिकेतील सुमारे ४६ लाख मुले राहतात, असा संशोधकांचा अंदाज आहे.

धोका नेमका कोणाला?

बंदूक घेताना डोळ्यांसमोर चोर असतो. आकडे मात्र वेगळे सांगतात. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने सुमारे ४६,७०० मृत्यू झाले. त्यांतील २७,३०० आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून बऱ्याच अधिक.

यात वेळेला फार महत्त्व आहे. टेक्सासमधील ह्यूस्टन येथे आत्महत्येच्या गंभीर प्रयत्नातून वाचलेल्या तरुणांचा अभ्यास झाला. तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. मनात निर्णय होणे आणि प्रत्यक्ष कृती यांत पाच मिनिटांहून कमी वेळ गेला, असे त्यांतील २४ टक्के जणांनी सांगितले. बंदूक हाती असेल तर अशा प्रयत्नातून वाचणारे फार थोडे. म्हणून तेवढी पाच मिनिटे मधे एखादे कुलूप असणे ही लहान गोष्ट नाही. मालकाला पेटी उघडायला दोन-चार सेकंद जास्त लागतात. त्या बदल्यात घरातल्या इतरांना विचार बदलायला, कोणाला तरी मधे पडायला वेळ मिळतो.

२००५ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास याला दुजोरा देतो. बंदूक कुलपात ठेवणे, रिकामी ठेवणे, काडतुसे वेगळी ठेवणे आणि काडतुसांनाही कुलूप लावणे या चारही सवयींचा संबंध मुलांमधील अपघात व आत्महत्या कमी असण्याशी दिसून आला.

लपवून ठेवले तर पुरत नाही का?

‘मुलांना ठाऊकच नाही कुठे आहे ते’ हे पालकांचे नेहमीचे उत्तर. अलाबामातील एका दवाखान्यात पालक आणि मुलांना वेगवेगळे विचारले गेले. मुलांना बंदुकीची जागा माहीत नाही असे ठामपणे सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के जणांच्या मुलांनी ती जागा अचूक माहीत असल्याचे सांगितले.

अटलांटातील प्रयोग त्याहून बोलका आहे. ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना गटागटाने एका खोलीत बसवले. तेथील खणात खरे, पण रिकामे पिस्तूल होते. ४८ जणांना ते सापडले, ३० जणांनी ते हाताळले आणि १६ जणांनी चाप ओढला. हाताळणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांना ‘बंदुकीला हात लावायचा नाही’ अशा स्वरूपाची शिकवण आधी मिळालेली होती. थोडक्यात, समज देणे आवश्यक असले तरी ते कुलपाची जागा घेऊ शकत नाही.

चटकन उघडणारी पेटी कशी असते?

लांब बंदुका आणि काडतुसांसाठी मोठी पोलादी तिजोरी योग्य. ‘हाताशी’ ठेवायच्या पिस्तुलासाठी मात्र जाड पुस्तकाएवढी लहान पेटी मिळते. ती पलंगाच्या चौकटीला, खणाच्या तळाला किंवा भिंतीला स्क्रूने पक्की करतात. नुसती ठेवली तर चोर पेटीसकट शस्त्र नेतो.

तिचे कुलूप साधारण तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार यांत्रिक बटणांचा : चार-पाच बटणे ठरावीक क्रमाने दाबायची. याला बॅटरी लागत नाही आणि अंधारात केवळ स्पर्शाने उघडता येते. दुसरा आकड्यांच्या इलेक्ट्रॉनिक पॅडचा आणि तिसरा बोटाच्या ठशाचा. सरावलेल्या हाताला यांपैकी कोणतेही उघडायला काही सेकंदच लागतात. इलेक्ट्रॉनिक प्रकारांत बॅटरी संपण्याचा धोका असतो. म्हणून ती ठरावीक काळाने बदलावी लागते आणि जोडीला किल्ली असते. ती किल्ली त्याच खणात ठेवली तर कुलूप असून नसल्यासारखेच.

हलक्या प्रतीच्या काही इलेक्ट्रॉनिक पेट्या वरून जोराने आपटल्यावर आतला खटका उसळून उघडतात. त्यामुळे पेटी विकत आणल्यावर ती रिकामी असतानाच आपटून, हलवून पाहणे शहाणपणाचे.

बोटाच्या ठशावर किती भिस्त ठेवावी?

झोपेतून दचकून उठलेल्या माणसाला आकडे आठवण्यापेक्षा बोट टेकवणे सोपे. पण ओल्या, घामेजलेल्या किंवा भेगाळलेल्या बोटाचा ठसा ओळखला न जाण्याची शक्यता असते.

उलटा धोका अधिक गंभीर. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने एका कंपनीच्या सुमारे ६१ हजार पेट्या परत मागवल्याचे जाहीर केले. मालकाचा ठसा नीट नोंदवला गेला नसेल, तर त्या कोणाच्याही बोटाने उघडत होत्या. अशा पेटीतील शस्त्रामुळे १२ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाल्याचा दावा न्यायालयात दाखल झाला होता. त्यानंतर आणखी काही कंपन्यांच्या पेट्याही परत घेतल्या गेल्या. धडा सोपा आहे : आपला ठसा नोंदवून झाल्यावर घरातल्या दुसऱ्या व्यक्तीचे बोट टेकवून पेटी बंदच राहते ना, हे तपासायचे.

केबल आणि चापाचे कुलूप कशासाठी?

२००५ च्या कायद्यानुसार अमेरिकेत परवानाधारक विक्रेत्याने पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर विकताना सोबत कुलूप वा तत्सम साधन देणे बंधनकारक आहे. बहुतेक वेळा ते केबलचे असते. ही केबल पिस्तुलाच्या मॅगझिनच्या जागेतून किंवा नळीतून ओवली जाते, त्यामुळे शस्त्र भरताच येत नाही. स्वस्त आणि चांगला उपाय. पण तो रिकाम्या शस्त्रासाठी. चापावर बसणारे कुलूप भरलेल्या शस्त्राला कधीही लावू नये. लावताना-काढताना चाप दाबला जाऊ शकतो. म्हणूनच भरलेले शस्त्र हाताशी हवेच असेल तर पेटी, आणि बाकीच्यांसाठी केबल व तिजोरी, अशी विभागणी केली जाते.

न्यायालये काय म्हणतात?

‘सुरक्षित की हाताशी’ हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राजधानी वॉशिंग्टनच्या कायद्यानुसार घरातील बंदूक रिकामी आणि सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवावी लागत असे. २००८ मध्ये ‘हेलर’ खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ते कलम रद्द झाले, कारण त्यामुळे स्वसंरक्षणच अशक्य होत होते. मात्र अपघात टाळण्यासाठीचे साठवणुकीचे नियम यामुळे अवैध ठरत नाहीत, असेही निकालात नमूद होते.

पुढे सॅन फ्रान्सिस्को शहराने नियम केला : पिस्तूल अंगावर नसेल तेव्हा कुलपात हवे. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तो वैध ठरवला. आधुनिक पेट्या चटकन उघडतात, त्यामुळे स्वसंरक्षणात मोठा अडथळा येत नाही, हा त्यातील एक मुद्दा होता. तंत्रज्ञानाने कायद्याचा पेच असा सैल केला. मॅसॅच्युसेट्स आणि ओरेगॉनमध्ये अशी सक्ती आहे. कॅलिफोर्नियात ती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाली.

मिशिगनमधील घटनेने पालकांच्या जबाबदारीचा नवा पायंडा पाडला. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी ऑक्सफर्ड येथील शाळेत १५ वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना ठार केले. पिस्तूल वडिलांनी चारच दिवसांपूर्वी घेतले होते. ते कपाटात लपवले होते आणि गोळ्या दुसरीकडे होत्या, असे वडिलांचे म्हणणे होते. सोबत मिळालेले केबलचे कुलूप मात्र वेष्टनातच होते. २०२४ मध्ये आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधाबद्दल १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली.

भारतात काय स्थिती?

आपल्याकडे शस्त्र बाळगणे हा हक्क नाही, परवान्याची बाब आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत. परवान्याच्या प्रक्रियेत सुरक्षित वापर आणि साठवणुकीचा विचार अपेक्षित आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत पाच वर्षे केली. शस्त्र हरवले वा चोरीला गेले तर तत्काळ पोलीस ठाण्यात कळवावे लागते. शेतावरील घरी कपड्यांच्या कपाटात ठेवलेली बारा बोअरची बंदूक असो वा शहरातील व्यावसायिकाचे पिस्तूल, साध्या कपाटाचे कुलूप आणि त्याची सर्वांना ठाऊक असलेली किल्ली यांवर विसंबणे धोक्याचेच.

मग नेमके काय करावे?

शस्त्र अंगावर असेल किंवा कुलपात. तिसरी जागा नको. पेटीचा कंपनीने दिलेला मूळ क्रमांक पहिल्याच दिवशी बदलावा. जन्मतारीख, गाडीचा नंबर टाळावा. रिकाम्या शस्त्रासह, अंधारात पेटी उघडण्याचा सराव करावा. जागेवर ठेवण्यापूर्वी, प्रवासाला निघताना तर नक्कीच, शस्त्र रिकामे करून तपासावे. घरातील कोणी खचलेले असेल तर शस्त्र काही काळ घराबाहेर, कायद्याने परवानगी असलेल्या ठिकाणी हलवावे.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांनी, स्वतःकडे बंदूक नसली तरी, एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. मुले मित्राकडे खेळायला जाणार असतील, तर ‘कुत्रा आहे का’, ‘शेंगदाण्याची ॲलर्जी आहे’ याच ओघात ‘घरात बंदूक आहे का, आणि ती कुलपात असते का’ हेही विचारावे. तेथील बालरोगतज्ज्ञही हाच सल्ला देतात. विचारताना दोन क्षण अवघडल्यासारखे होईल, इतकेच.

(मानसिक ताणात मदतीसाठी भारतात टेली-मानस : १४४१६, अमेरिकेत : ९८८)