रस्तासुरक्षेचा निधी : तो कोठून येतो आणि जखमीपर्यंत कसा पोहोचतो?

अहिल्यानगरहून (पूर्वीचे अहमदनगर) जामखेडमार्गे बीडकडे जाताना आष्टीच्या अलीकडे कडा हे गाव लागते. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. ट्रॉलीत संसार, लेकरे, वर कडब्याच्या पेंढ्या. आणि बहुधा प्रवास रात्रीचा. मागे लाल दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही, अशी ट्रॉली मागून येणाऱ्या वाहनचालकास अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. काही रुपयांच्या पट्टीअभावी माणसे मरावीत, ही गोष्ट आम्हांस फार खटकते.

बीडकरांना रस्त्याने दिलेल्या जखमा ताज्या आहेत. 3 जून 2014 रोजी खासदार व केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे दिल्लीत, तर 14 ऑगस्ट 2022 रोजी विनायक मेटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघातात गेले. ऑक्टोबर 2023 मध्ये आष्टी तालुक्यात काही तासांच्या अंतराने एक खासगी प्रवासी बस व एक रुग्णवाहिका अपघातग्रस्त होऊन दहा जण मृत्युमुखी पडले. देशात 2022 या एका वर्षी रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांपैकी पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रातील होती.

यासाठी सरकार पैसा कोठून आणते? पेट्रोल व डिझेलवरील उपकरातून केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी (पूर्वीचा केंद्रीय रस्ते निधी) उभा राहतो. त्याचा कायदा 2000 सालचा. म्हणजे कड्याचा शेतकरी ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरतो तेव्हा तोही या निधीस हातभार लावतो. हा पैसा मुख्यत्वे रस्तेबांधणीकडे जातो. जखमींच्या उपचारासाठी मात्र 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन मोटार वाहन अपघात निधीची तरतूद झाली. त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली: सदोष रचनेमुळे वा निकृष्ट देखभालीमुळे अपघात घडल्यास संबंधित ठेकेदार वा यंत्रणेस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ती रक्कम याच निधीत जमा होते. खड्ड्यांबद्दल केवळ नशिबास बोल लावणाऱ्यांनी हे कलम, 198-अ, अवश्य ध्यानी ठेवावे.

मे 2025 पासून लागू झालेल्या योजनेनुसार मोटार वाहनामुळे अपघात झालेल्या जखमीस नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत व दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार मिळतात. अपघातानंतरचा पहिला तास कायद्याने 'सुवर्णतास' मानला आहे. खेड्यात हा तास वाहन शोधण्यातच सरतो, हे आम्ही वेगळे सांगावयास नको. म्हणून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका प्रथम बोलवावी.

पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने अनेक जण जखमीला पाहून पुढे निघून जातात. ही भीती आता निराधार आहे. कलम 134-अ नुसार सद्‍भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे असेही नाही. गंभीर जखमीस सुवर्णतासात रुग्णालयात पोहोचविणाऱ्यास केंद्र सरकार 25 हजार रुपये पारितोषिक देते. या तरतुदीचे इंग्रजी नाव लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनीवरूनच आले आहे. त्या दाखल्यातील एक तपशील आपल्या नजरेतून सहसा सुटतो: शोमरोन्याने जखमेवर पट्टी बांधलीच, शिवाय उतारशाळेच्या मालकास दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास तोही देण्याचे वचन दिले. उपचाराचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न तेव्हाही होताच.

धडक देऊन वाहन पळून गेले व त्याचा ठावठिकाणा लागला नाही, तर 1 एप्रिल 2022 पासून मृताच्या वारसास दोन लाख व गंभीर जखमीस पन्नास हजार रुपये भरपाई मिळते. पूर्वी ही रक्कम अनुक्रमे 25 हजार व साडेबारा हजार इतकीच होती. अर्ज महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत वा तहसीलदारांकडे करावयाचा असतो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. पोलिसांतील प्रथम खबरीची प्रत, रुग्णालयाची कागदपत्रे व मृत्यू झाला असल्यास शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या प्रती पहिल्या दिवसापासूनच जपून ठेवाव्यात.